काळतोंड्याचा ताईत

गावातल्या मालदार काकासाहेबानं गायरानाला तार मारली त्याला चार दिवस झाले होते, आन् चार दिवस माझी मेंढरं रस्त्याच्या कडेला चिखल तुडवत हिंडत होती. वरून पावसाची झड. मेंढरांचे खूर सडायला लागलेले. रोज सकाळी मी आन् माझी बायको सारजाबाई एकेक मेंढरू उताणं पाडायचो, खुरातला पू चाकूनं काढायचो आन् पाय मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचो. माझी नखं निळी पडली होती. भाकरीलाबी मोरचुदाचा वास यायचा.

गायरान उंचावर, मुरमाड. तिथं पाणी ठरत नाय. पावसाळ्यात मेंढरं बसवायला सगळ्या शिवारात तेवढी एकच कोरडी जागा. माझा बाप तिथंच वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, लावायचा, आजाबी तिथंच. ते गेलं तर मेंढरं विकून दुसऱ्याच्या कपाशीत खुरपं धरायचं, एवढाच रस्ता राहिला होता.

पाचव्या दिवशी मी तार वाकवली आन् मेंढरं आत घातली. माझं डोकं आधीच तिरसट, त्यात चार दिवसांचा पाऊस.

तासाभरात काकासाहेब फटफटीवर आला. मागं त्याचा सालगडी पुंजाराम, हातात कुऱ्हाड.

"ए मुंज्या, तार कोनी वाकवली?"

"म्या वाकवली मालक. गायरान हाय हे. सरकारी."

"माझ्या नावावर झालं आता. सात-बारा बघ जाऊन."

"आमी आज्यापासून बसतो इथं."

"कागद दाखीव." त्यानं हात पुढं केला, पैसे मागतात तसा. "आज्यापासून बसतो म्हनतो, मग कागद असंल की. हाय का कागद?"

कागद कुठला? आमच्या घरात कागद म्हणजे माझ्या भावाची, सोनाजीची पुस्तकं. त्यानं तोच पुढं केलेला हात माझ्या कानफटात मारला. रस्त्यानं दोन बाया गवताचे भारे घेऊन चालल्या होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मला मार लागला नाय, त्या दोन बाया लागल्या.

"हाकल रे," काकासाहेब पुंजारामला म्हणला.

पुंजारामनं कुऱ्हाड उलटी धरली आन् पहिलीच मेंढी हाणली. गाभण मेंढी. पाठीच्या कण्यावर कुऱ्हाडीचा तुंबा बसला. ती मागच्या पायांवर बसली आन् पुढच्या पायांनी मुरूम उकरत राहिली. ओरडलीबी नाय. मी काठी उचलली तर काकासाहेब म्हणला, "उचल. उचल, म्हंजी आजच पोलिसात देतो." माझी काठी तशीच खाली आली. त्याचं मला अजून वाईट वाटतं, काकासाहेबावर चालवली नाय म्हणून नाय, पुढं ज्याच्यावर चालवली त्याच्यामुळं.

मेंढी खांद्यावर टाकून घरी आणली. वाटंतच मेली.

ओसरीत मेंढी टांगून मी कातडं काढत होतो, तेव्हा सोनाजी आला. माझा धाकटा भाऊ, एकोणीस वर्षांचा. औरंगाबादेत कॉलेजात होता, गारखेड्यात तिघांत मिळून एक खोली. यायचा वार नसताना आला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, शर्टाच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत काहीतरी जपलेलं.

त्याला मी ढोरांचा डॉक्टर करणार होतो. चार वर्षांमागं मेंढरांत देवीची साथ आली. डॉक्टर आणायला गेलो तर तो म्हणला उद्या येतो, आन् त्याचा उद्या उगवलाच नाय. चाळीस मेंढरं खड्ड्यात पुरली. त्या खड्ड्यावर उभं राहून मी सोनाजीला सांगितलं होतं, तू सायन्सला जायचं, डॉक्टर व्हायचं, आन् कुणी बोलवायला आलं की तसाच उठून जायचं. पंधरा वर्षांचं पोर, मान हलवली त्यानं.

"दादा, ही कशानं मेली?"

"काकासाहेबाच्या कुऱ्हाडीनं. पाय धर तिचा."

त्यानं पाय धरला. मी सुरी फिरवत होतो. थोड्या वेळानं तो म्हणला, "एक सही पायजे तुझी. शनवारपर्यंत."

"कशाची?"

"विषय बदलायचा फारम हाय. मी सायन्स सोडतोय."

मी सुरी थांबवली नाय. मला वाटलं नीट ऐकू आलं नाय.

"रसायन मला झेपत नाय, दादा. दोनदा नापास झालो. आन् बीएस्सी करून ढोरांचा डॉक्टर व्हत नसतो. त्याची परीक्षा येगळी असती. दोन्ही साली दिली, नंबर लागला नाय. तुला सांगायची हिंमत झाली नाय."

"मग दोन वर्सं तिथं काय करत व्हता?"

"शिकत व्हतो."

"काय शिकत व्हता?"

माझी आई राजाबाई चुलीपाशी होती. ती उठून दारात आली. तिला माझा आवाज कळतो.

"आता बीएला जातो," सोनाजी म्हणला. "इतिहास, मराठी आन् उर्दू. उर्दूचे सर घ्यायला तयार हायेत. अक्षरं शिकलो मी."

मी हसलो. खरंच हसू आलं. "उर्दू. आन् ते शिकून काय करनार? मेंढरांना शेर ऐकवनार? त्यांचे खूर बरे व्हतील का त्यानं?"

"त्याच्यासाठीच आलो दादा. ऐक तर. उन्हाळ्यात मी एक ताईत उसवला व्हता."

आमच्या कळपात सात मेंढे पुढारी. सातांच्या गळ्यात चामड्यात शिवलेले सात ताईत. माझ्या बापानं बांधलेले. माझा आजा मेला त्या साली कळपात मरी लागली होती, तेव्हा बापाला एक दर्ग्यावरचा कागद सापडला, त्याचे त्यानं लोकर कातरायच्या कातरीनं सात तुकडे केले आन् मेंढ्यांच्या गळ्यात बांधले. मरी थांबली. तेव्हापासून मेंढा म्हातारा झाला की ताईत काढून पोरसवदा मेंढ्याला बांधायचा, अशी आमची रीत. उसवायचं तर सोडाच, विटाळशी बाई त्या मेंढ्यांच्या अंगावरून जात नाय.

"उसवला?"

"थोरल्या मेंढ्याच्या ताइताचं चामडं फाटलं व्हतं. आत कागद दिसला. मी त्याचं झेरॉक्स काढलं आन् परत शिवून..."

पुढं त्यानं काय सांगितलं ते मला ऐकू आलंच नाय. खुरांचा पू, तार, कानफटातला हात, टांगलेली मेंढी, आत तिचं पूर्ण भरलेलं कोकरू, सगळं एका जागी गोळा झालं. म्हणजे ह्यानं ताईत बाटवला म्हणून हे सगळं झालं. माझ्या डोक्यात दुसरं काय आलंच नाय.

"कोन्या हातानं उसवला?"

पोरगं भोळं. त्यानं उजवा हात पुढं केला. मेंढीच्या रक्तानं भरलेला होता.

मी भिंतीची काठी घेतली. टोकाला लोखंडी साम असलेली, कोल्हा मारायची. लोक म्हणतात रागात चुकून लागली असेल. चुकून नाय. मी हात बघितला आन् हातावरच मारली. वाळली बाभळ मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, हात पोटाशी धरून, आन् मी पाठीवर मारत राहिलो. किती ते मला माहीत नाय. आई मधी पडली, तिला मी ढकललं. ती ओसरीवरून चिखलात गेली. शेवटी सारजाबाईनं मोरचुदाच्या पाण्याची बादली माझ्या तोंडावर ओतली. डोळ्यांत आग झाली तेव्हा काठी सुटली.

पाऊस तसाच चालू होता. आई चिखलातून उठली, लुगडं पिळलं, माझ्याकडं न बघता म्हणली, "तुझा बाप मला मारायचा. पर लेकरांना नाय." आन् सोनाजीला उठवून आत नेलं.

सकाळी आत डोकावलो नाय. आईनं त्याच्या हाताला बांबूच्या चिपा बांधल्या होत्या हे सारजाबाईकडून कळलं. ताप होता. माझा राग तेवढा उतरला नव्हता. खरं सांगू का, लाज वाटत होती, आन् मला लाज वाटली की राग आणखी वर येतो.

काळतोंड्या सोनाजीचा मेंढा. त्याची आई विताना मेली तेव्हा सोनाजीनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवला, बाटलीनं. सगळ्या कळपाच्या पुढं तो चालायचा, आन् सोनाजी घरी आला की लेकरासारखा त्याच्या मागं मागं. मी त्याच्या शिंगाला दोरी बांधली. गळ्यातलं घुंगरू काढून खुंटीला लावलं. ताईत काढायला हात गेला आन् थांबला. एक बाटला म्हणजे सातही बाटले, आता ह्याच्या ताइताचं काय कौतुक, म्हणून तसाच राहू दिला.

लासूर स्टेशनच्या बाजारात सांडू खाटकानं त्याची पाठ दाबली, दात बघितले.

"पुढारी मेंढा इकतो व्हय रे मुंजाबा? काय झालं?"

"झालं म्हनून इकतो. घेतो का नाय?"

त्यानं घेतला. काळतोंड्या माझ्या मागं चार पावलं आला, दोरी ताणली गेल्यावर थांबला. मी मागं वळलो नाय.

दुपारी घरी आलो तर आत घोंगडीवर सोनाजी बसलेला, पाठीला उशी, हात चिपांत. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा होऊन दुप्पट फुगलेला. समोर तो झेरॉक्सचा कागद. आई शेजारी.

"बस," आई म्हणली. "तो सांगतो ते ऐक. मधी बोलला तर मी हिरीत जीव दिन."

मी बसलो. सोनाजीनं माझ्याकडं बघितलं. त्याचा खालचा ओठ फाटला होता. "दादा, हा दर्ग्यावरचा नाय. सरकारी कागद हाय, निजामाच्या येळचा. सरांनी वाचला. ह्या तुकड्यावर लिव्हलंय, मुंजाबा वल्द सोनाजी, कौम धनगर, मेंढ्या चारायला मुभा."

मला माझंच नाव ऐकून काटा आला. आज्याचं नाव मुंजाबा, त्याच्या बापाचं सोनाजी. आमच्यात आज्याचं नाव नातवाला देतात.

आई म्हणली, "सासरा म्हनायचा, कागद जपा, कागद जपा. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत त्यो कमरंला बांधून पळाला व्हता. त्यो मेला तवा तुझ्या बापाला नळकांड्यात ह्यो सापडला. असली अक्षरं त्यानं दर्ग्याच्या चादरीवरच बघितलेली. त्याला वाटलं तसलाच हाय. मलाबी तसंच वाटलं. वाचनारं कोन व्हतं घरात?"

"आता सात तुकडे जोडले तर पुरा कागद व्हतो," सोनाजी म्हणला. "काकासाहेब कागद मागत व्हता ना? आईनं सांगितलं मला."

मी उठलो. वाघरीत गेलो. मेंढ्यांना एकेकाला दोन्ही गुडघ्यांत दाबून गळ्यातले ताईत कापले. घाईत एका मेंढ्याच्या मानंला सुरी लागली. सहा ताईत. चामडी फाडून तुकडे घोंगडीवर ठेवले. पिवळे पडलेले, घामानं चिकट, पण अक्षरं उभी. सोनाजीनं डाव्या हातानं एकेक सरकवून कडेला कड लावली. बापाच्या कातरीचे वाकडे काप एकमेकांत बसत गेले. वरती मोहर आली. खाली सही आली. मधोमध एक भोक राहिलं.

तो बोट फिरवत, अडखळत, उजवीकडून डावीकडं वाचत गेला. "मौजे... गायरान... नंबर..." आन् बोट भोकाशी येऊन थांबलं. "नंबर त्या तुकड्यावर हाय. कोनाच्या गळ्यात राहिला?"

खुंटीवरचं घुंगरू त्यानं तेव्हाच बघितलं. बघितलं आन् डोळे मिटून घेतले. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

सायकल दामटली. चिखलात दोनदा पडलो. लासूरला पोचलो तर सांडूच्या खाटीकखान्यात पाणी मारायचं चाललं होतं. आकड्याला चार धडं लटकलेली. कोपऱ्यात मुंडकी. त्यातल्या एकाचं तोंड काळं, शिंगाला माझीच दोरी. डोळे उघडे होते.

"ह्याच्या गळ्यात ताईत व्हता."

"असंल. बघ तिथं नालीत," सांडू म्हणला. "ताइतापायी एवढा पळत आला? दुसरा बांध की."

मी नालीत गुडघ्यावर बसलो. रक्त, लेंड्या, आतड्यांतला चारा, सगळं हातानं उपसलं. सांडूची गिऱ्हाइकं बघत उभी. काल दोन बायांची लाज वाटली होती, आज दहा माणसं बघत होती आन् मला काहीच वाटलं नाय. ताईत सापडला. गळ्यासंगट सुरीनं कापला गेला होता. चामडं उघडं, आत कागदाचा लाल गोळा.

तो मुठीत धरून घरी आणला. आईनं पितळी ताटलीत पाणी दिलं. सोनाजीनं डाव्या हातानं गोळा पाण्यात सोडला आन् नखानं पदर उकलायला लागला. पाणी आधी लाल झालं. मग काळं झालं. कागद उलगडला तेव्हा त्याच्यावर काही नव्हतं.

बाहेर मेंढरं ओरडत होती, म्होरक्या नसल्यावर ओरडतात तशी.

"आता?" मी विचारलं.

"सर म्हनले व्हते, ह्याच्या जोडीची नक्कल सरकारी दप्तरात असंल. तिथं असल्या कागदांची गाठोडी पडल्यात. पर ती उघडून वाचनारं मानूस लागतं. एका दिवसाचं काम नाय ते."

"तुला वाचाया कधी येईल?"

"शिकलो तर तीन वर्सांनी." मग तो म्हणला, "शनवार गेला तर ह्या साली नाय."

शुक्रवारी त्याला औरंगाबादेत घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पलस्तर घातलं. डॉक्टरनं विचारलं तेव्हा सोनाजी म्हणला, मेंढ्यानं ढुसणी दिली. मी शेजारी उभा होतो.

शनिवारी कॉलेजच्या खिडकीपाशी आम्ही दोघं. कारकून चष्म्यातून बघत म्हणला, "अर्ज विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात पाहिजे."

सोनाजीनं पलस्तर दाखवलं.

"काय झालं हाताला?"

"मेंढ्यानं..."

"मेंढ्यानं नाय," मी म्हणलो. "म्या मोडला. मी भाऊ हाय त्याचा. थोरला."

मागं रांगेत पोरं होती, ती पुढं सरकून बघायला लागली. कारकुनानं अर्ज माझ्याकडं सरकवला. "मग तुम्ही भरा. लिहिता येतं ना?"

चौथी झालोय मी. पेन धरून वीस वर्षं झाली होती. सोनाजी माझ्या खांद्यामागून सांगत गेला आन् मी लिहीत गेलो. सोडत असलेले विषय. रसायनशास्त्र. वनस्पतीशास्त्र. प्राणीशास्त्र लिहिताना तो चाळीस मेंढरांचा खड्डा डोळ्यापुढं आला. पेन तिथंच टेकलं, शाईचा ठिपका पडला. सोनाजीनं घाई केली नाय. मग मी तो शब्द पुरा केला. घ्यावयाचे विषय. इतिहास. मराठी. उर्दू. उ दोनदा गिरवला. पालकाची सही केली.

"आता विद्यार्थ्याची," कारकून म्हणला. "डाव्या हातानं येईल?"

सोनाजीनं करून बघितली. रेघोट्या आल्या, त्यात नाव दिसेना. कारकून म्हणला, "ही चालणार नाही. अंगठा द्या."

त्यानं शाईची डबी उघडून पुढं केली. आमच्या घरात आज्यानं अंगठा दिला, बापानं दिला, चौथी होऊनबी आजपर्यंत मीच दिला, आई अजून देते. सोनाजी पहिला, ज्यानं सही केली. बाप जिवंत असताना पहिलीत त्यानं पाटीवर नाव काढलं, तर बापानं ती पाटी चार घरं दाखवली होती.

सोनाजीनं डावा अंगठा शाईत दाबला आन् अर्जावर ठेवला. कारकुनानं शिक्का मारला. पोच फाडून दिली, ती मी घेतली.

खिडकीपासून बाजूला झाल्यावर तो अंगठा पुसायला फडकं शोधत होता. सापडलं नाय, तर त्यानं तो डोक्याच्या केसांत घासला. आमचा बाप घासायचा, तसाच.